दोरीवरचं धाट

(दृश्य: सकाळ. काढणीला आलेला शाळू. चार खुंट्या, सुतळीचा गुंडा.)

शेताचा नैर्ऋत्य कोपरा. इथून बांधाच्या कडेने किती पावलं जायचं आणि मग आत किती वळायचं, हे यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्याने ठरवून दिलंय. शेतमालक म्हणतो, "तिकडं विहिरीकडं या की सायेब, कणसं बघा कशी आलीत." पण नाही. खुंट्या ठोकायच्या त्या तक्ता सांगेल तिथेच, आणि त्यांना सुतळी बांधून चौकोन आखायचा. आतलं पीक कापायचं, मळायचं, उफणायचं आणि तोलायचं. हा पीक कापणी प्रयोग, उत्पन्नाचा अंदाज बांधण्यासाठी.

समजा, तालुक्यातल्या 16 शेतांत असे चौकोन पडले. सरासरी निघाली हेक्टरी 12 क्विंटल, प्रमाण विचलन (शेताशेतांतले आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरलेत ते माप) 4. पण हे 12 त्या सोळा शेतांचे. दुसरी सोळा शेतं निवडली गेली असती तर 11 आले असते, नाहीतर 13. मग तालुक्याची खरी सरासरी किती?

4 ला 16 च्या वर्गमुळाने भागा. उत्तर 1, ही प्रमाण त्रुटी: नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती हलू शकते, त्याचं माप. सोळा नमुन्यांसाठी टी-तक्ता (मोजक्या नमुन्यांसाठीचा संख्याशास्त्रातला तक्ता) 95 टक्के भरवशाला 2.13 हा गुणक देतो. बारातून तेवढे वजा करा, बारात तेवढे मिळवा: 9.87 ते 14.13. हा झाला कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे भरवशाचा पट्टा. त्या गुणकामागची वाट 1908 साली डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यातल्या विल्यम गॉसेट यांनी दाखवली, 'स्टुडंट' या टोपणनावाने. त्यांचीही अडचण हीच होती: नमुने मोजकेच.

इथे भले भले घसरतात. 95 टक्के हा भरवसा या एका पट्ट्याचा नाही, पद्धतीचा आहे. हाच खटाटोप शंभरदा केला, तर साधारण 95 पट्टे खऱ्या सरासरीला कवेत घेतील. आपला त्यातला आहे की उरलेल्या पाचांतला, ते पट्टा सांगत नाही.

(दृश्य: कागदावर एकाखाली एक आडव्या रेघा.)

आता रेघा शेजारी ठेवून बघू. 90 टक्क्यांवर भागवलं तर 10.25 ते 13.75. 99 हवेत? मग 9.05 ते 14.95. खात्री वाढली की पट्टा ऐसपैस होतो. तो आवळायचा असेल तर शेतं वाढवा. पण 16 ची 64 केली, चौपट राबलो, तरी रुंदी फक्त निम्म्यावर येते: 11 ते 13.

मग चौकोनच लहान घ्यावेत, म्हणजे तेवढ्याच मजुरीत जास्त होतील! 1940 च्या दशकात भारतात यावरून चांगलीच जुंपली होती. कलकत्त्याचे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या चौकोनांच्या बाजूचे. समोर दुसरे संख्याशास्त्रज्ञ, पांडुरंग वासुदेव सुखात्मे, 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. लंडनला शिकत असताना त्यांना जर्झी नेमन यांचं मार्गदर्शन मिळालं; कॉन्फिडन्स इंटरव्हलची कल्पना मांडली ती याच नेमन यांनी, 1934 मध्ये.

सुखात्म्यांनी मोठे आणि छोटे चौकोन ताडून पाहिले. छोट्यांतून उत्पन्न जास्तच दिसत होतं. कारण सुतळीखाली होतं. एक मीटर बाजूच्या चौकोनात दर चौरस मीटरमागे चार मीटर सुतळी. पाच मीटर बाजूच्या चौकोनात जेमतेम 0.8 मीटर. जितकी कड जास्त, तितकी कडेवरची धाटं जास्त. आणि कडेवरचं धाट कापणाऱ्याच्या हाताला आतलंच वाटतं. असे हजार चौकोन घ्या, पट्टा सुईसारखा बारीक होईल, पण रोवला जाईल भलत्याच आकड्यावर. सूत्रात प्रमाण विचलन आहे, नमुन्यांची संख्या आहे. विळ्याच्या सवयीला मात्र जागा नाही.

(दृश्य: सुतळीला खेटून एक धाट. कणीस आत झुकलेलं.)

कृषी सहाय्यक खाली वाकतात, माती बाजूला करतात. बुंधा बोटभर बाहेर आहे.

"हे राहू द्या."

विळा पुढच्या धाटावर जातो.