गादीखालचं पाणी

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय 'शिडाच्या बोटीवर ब्रिटिश हिवाळा: कोणता हीटर घ्यावा' असा छापलाय. हीटरवर मी येणार आहेच. पण वाटेत गादी लागते, आणि गादी उचलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इथे काही जण असे नक्की असतील ज्यांनी लंडनच्या भाड्याचा हिशेब मांडून, एखादी तीस-बत्तीस फुटी जुनी फायबरग्लासची बोट घेऊन पॉन्टूनवर, म्हणजे बोटी बांधायच्या तरंगत्या धक्क्यावर, मुक्काम हलवायचा बेत केलाय. अशांचा पहिला प्रश्न ठरलेला: थंडी किती वाजते? थंडीचं जमतं हो. दोन स्वेटर घाला, रजई घ्या. बोट सोडून जाणारे लोक बहुतेक ओलीला कंटाळून जातात.

आधी हे पाणी येतं कुठून ते पाहू. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोघं आठ तास झोपले की सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. मग चहाचं आधण, भात, डाळ. त्यात गॅस स्वतःच पाणी तयार करतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. एक किलो ब्यूटेन किंवा प्रोपेन जळला की दीड किलोहून थोडं जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं. शिवाय पावसातून आलेले रेनकोट, टॉवेल, दोरीवरचे मोजे. दिवसाला दोन-अडीच लिटर सहज होतात. घरातही होतात, पण घराला खोल्या असतात. बत्तीस फुटी बोटीच्या आत सगळी मिळून २५ घनमीटरच्या आसपास हवा असते.

आता ही वाफ बसते कुठे? केबिन १८ अंशांवर आहे आणि आर्द्रता ६० टक्के, असं धरा. आकडे ऐकायला अगदी सुखवस्तू वाटतात. पण या हवेचा दवबिंदू १० अंश आहे. म्हणजे दहाच्या खाली असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणार. जानेवारी-फेब्रुवारीत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला समुद्राचं पाणी ७ ते ९ अंशांच्या घरात असतं आणि बोटीची भिंत जेमतेम बोटभर जाडीची. ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या चौकटी तर बाहेरच्या हवेइतक्याच गार. त्या रडतात ते सगळ्यांना दिसतं. हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, रडतं ते कपाटाच्या मागे, कपड्यांच्या मागे, गादीखाली. ते मार्चमध्ये वास आल्यावर कळतं.

आता माझा लाडका मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी इथे आलोय. आपण कोकणातून, मुंबईतून एक सवय घेऊन येतो. बाहेर ओलं दिसलं की खिडकी लावायची. जुलैत रत्नागिरीला ती बरोबरच आहे. तिथे २७ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत दर घनमीटरला २३ ग्रॅम पाणी असतं. ती आत घेतली की चामड्याच्या चपलांना हिरवी लव आलीच. पण साउथॅम्प्टनची जानेवारीतली हवा घ्या. ५ अंश, आर्द्रता ९५ टक्के, बाहेर धुकं, पॉन्टून निथळतंय. त्या हवेत किती पाणी आहे? साडेसहा ग्रॅम. बस्स. तीच हवा आत घेऊन १८ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. धुक्यातली हवा आत घेऊन केबिन कोरडी होते! कितीही वेळा सांगितलं तरी लोक मान हलवतात आणि घरी जाऊन हॅचला, म्हणजे छतातल्या झडपेला, टेप लावतात.

काही चेहऱ्यांवर 'याला हीटिंगचं बिल भरावं लागत नसावं' असं स्पष्ट दिसतंय. म्हणून हिशेब करू. आतल्या हवेत घनमीटरला सव्वानऊ ग्रॅम, बाहेरच्या हवेत साडेसहा. म्हणजे बदललेला प्रत्येक घनमीटर पावणेतीन ग्रॅम पाणी घेऊन बाहेर जातो. अडीच लिटर काढायला दिवसाला ९०० घनमीटरच्या आसपास हवा बदलावी लागते. तासाला ३८-४० घनमीटर, म्हणजे दर तासाला केबिनची हवा साधारण दीड वेळा. एवढी हवा ५ वरून १८ अंशांवर न्यायला किती उष्णता लागते? १७० वॉट. जुन्या काळच्या दोन-तीन दिव्यांइतकी.

मग उपाय काय? कायमच्या उघड्या दोन जागा. एक पुढच्या टोकाला, एक मागच्या दाराच्या वरच्या फळीत. जिना उतरतो तिथे. मधली दारं खालून-वरून दोन बोटं कापलेली किंवा जाळीची. पाऊस आत येऊ नये म्हणून डोरेड बॉक्स असतो. १९३० साली पाण्यात उतरलेल्या 'डोरेड' नावाच्या शर्यतीच्या बोटीवरून त्याला हे नाव पडलं. पेटीत हवा आणि पाणी दोन्ही शिरतात. पाणी तळाच्या भोकांतून डेकवर परत जातं आणि उंच नळीतून फक्त हवा खाली उतरते. साधी, बिनविजेची वस्तू. जुनी बोट घेताना ती असेल तर लोक तिच्यात चिंधी कोंबलेली पाहतात आणि ती चिंधी तशीच ठेवतात.

आणि या चिंधीवाल्यांना दुकानदार काय विकतो? कॅल्शियम क्लोराइडचे डबे. पांढरे खडे, खाली पाणी साठतं, आणि साठलेलं पाणी दिसलं की माणसाला फार समाधान वाटतं. अर्धा किलो खडे काही आठवड्यांत साधारण लिटरभर पाणी ओढतात. आपण रोज किती सोडतो? अडीच लिटर. बंद, रिकाम्या बोटीत या डब्याला थोडा अर्थ आहे. राहत्या बोटीत तो अख्ख्या हॅम्पशायरची हवा वाळवायला बसलेला असतो. वर एखाद्या लाटेने तो सांडला की ते खारं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, जाऊन धातू खातं. माझा या डब्यांवर राग आहे हे ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आवरतं घेतो.

विजेचा डीह्यूमिडिफायर मात्र खरोखर काम करतो, फक्त प्रकार पाहून घ्या. घरात वापरतात तो कॉम्प्रेसरवाला बारा-पंधरा अंशांच्या खाली ढेपाळतो, कारण त्याच्या गार नळीवरच बर्फ धरतो. बोटीवर डेसिकंट प्रकार हवा. त्यात झिओलाइटचं फिरतं चाक पाणी शोषतं आणि आतला हीटर ते चाक वाळवतो. अगदी एक-दोन अंशांवरही तो चालतो. तीनशे ते साडेसहाशे वॉट खातो, पण ते सगळे वॉट उष्णता होऊन केबिनमध्येच राहतात, शिवाय वाफेचं पाणी होताना लिटरमागे पाऊण युनिटच्या जवळपास उष्णता वरून मिळते. त्याची नळी थेट सिंकमध्ये सोडा, टाकी रिकामी करायची आठवण राहत नाही. तो चालू असताना मात्र हॅच लावायचे. दोन्ही एकदम करण्यात अर्थ नाही.

आता गादी. वरून माणसाची ऊब, खाली प्लायवुड, त्याखाली कप्पा, त्याखाली सात-आठ अंशांचं पाणी. घामाची वाफ फोममधून खाली झिरपते आणि प्लायवुडला टेकली की पाणी होते. वरून चादर कोरडी, खालून गादी चिंब. यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे गादीखाली प्लास्टिकचा कागद. त्याने प्लायवुड वाचतं आणि गादी दुप्पट वेगाने कुजते, कारण पाणी आता कागदावर साठतं. गादी १५ ते २० मिलिमीटर उचला, एवढंच करायचंय. लाकडी पट्ट्यांची चौकट चालेल, गादीखाली अंथरायची जाड गुंतवळ्यासारखी प्लास्टिकची जाळी मिळते ती चालेल. प्लायवुडला होलसॉने ४०-५० मिलिमीटरची भोकं पाडा, हातभर अंतराने. गादीची कड हलला टेकू देऊ नका. आणि सकाळी उठल्यावर गादी कडेवर उभी करा. अंथरूण आवरायची शिस्त इथे पहिल्यांदा उपयोगी पडते. रविवारी एकदाच केली तर उपयोग नाही.

हलच्या आतून इन्सुलेशन लावता येतं. बंद पेशींचा नायट्राइल रबर फोम, १० ते २० मिलिमीटर, कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्हने पूर्ण पृष्ठभागावर चिकटवलेला. 'पूर्ण' हा शब्द लिहून घ्या. मागे पोकळी राहिली की वाफ तिथे शिरते आणि पाणी आता दिसतही नाही. थर्माकोल वापरू नका, विशेषतः वायरींजवळ: पीव्हीसीच्या आवरणातला मऊपणा आणणारा पदार्थ थर्माकोल ओढून घेतो आणि वायर ठिसूळ होते. खिडक्यांना आतून दोन-तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक, कडेला फोमची पट्टी. स्वस्तात हवं तर हेअर ड्रायरने ताणून बसणारी फिल्म.

एक विषयांतर करतो. छतातून थेंब पडायला लागला की लोक डेक गळतो म्हणून सीलंटच्या नळ्या रिकाम्या करतात. डेकवरचा प्रत्येक बोल्ट धातूचा. तो बाहेरची थंडी सरळ आत आणतो आणि त्याच्या नटवर दव धरतं. कोरड्या, गोठलेल्या रात्री थेंब पडला तर ते तुमच्याच श्वासाचं पाणी. पाऊस पडताना, दोन दिवस बोटीवर कोणी नसतानाही टिश्यू पेपर भिजला तर गळती. आधी हे ठरवा, मग सीलंट.

संयोजकांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. म्हणजे हीटर.

पॉन्टूनवर वीज असेल तर सर्वांत सोपं तेच: निळा तीन पिनांचा १६ अँपिअरचा प्लग, कागदावर साडेतीन किलोवॉटच्या वर. काही जुन्या खांबांवर त्याहून कमी मिळते, विचारून घ्या. केबलचं वेटोळं पूर्ण उलगडा, नाहीतर ते आतून तापतं. प्लगच्या पिना महिन्यातून एकदा पाहा. तपकिरी डाग म्हणजे सैल जोड. रात्रभर दोन किलोवॉटचा पंख्यावाला हीटर चालवण्यापेक्षा पाचशे-सातशे वॉटचा तेलाचा रेडिएटर अखंड चालू ठेवा. एकसारखी ऊब असली की भिंती दवबिंदूच्या वर राहतात.

डिझेलचे गरम हवेचे हीटर, एबरस्पेशर किंवा वेबास्टो जातीचे: तीस फुटीला २ किलोवॉट, चाळीस फुटीला ४. दोन किलोवॉटवाला पूर्ण जोरात तासाला पाव लिटर पितो. सुरू होताना इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगला आठ-दहा अँपिअर लागतात, बॅटरी थकलेली असेल तर तो पेटतच नाही आणि दोष हीटरला मिळतो. दिवसभर मंद आचेवर ठेवला तर आत काजळी धरते. रोज अर्धा तास पूर्ण जोरात चालवा. आणि त्याला तापवायची हवा आतून देताय की बाहेरून? आतलीच फिरवली तर तीच ओली हवा पुन्हा पुन्हा तापते. निदान निम्मी बाहेरून घ्या, मात्र इंजिनाच्या खोलीतून किंवा धुराड्याच्या जवळून नको. लाल डिझेल, म्हणजे लाल रंग घातलेलं कमी कराचं डिझेल, ग्रेट ब्रिटनमध्ये खासगी बोटींना अजून मिळतं. १ एप्रिल २०२२ ला नियम बदलले तेव्हाही ते राहिलं. बोट चालवण्याच्या वाट्यावर पूर्ण कर द्यायचा, हीटिंगच्या वाट्यावर सवलत. पंपावर चालवण्याला ६० टक्के, हीटिंगला ४० अशी विभागणी रूढ आहे, पण जागेवरून न हलणाऱ्याने आपलं खरं प्रमाण सांगावं.

भिंतीवरची धुराड्याची शेगडी, थेंबाथेंबाने डिझेल घेणारी किंवा कोळशाची, हे माझं आवडतं. ती धुराड्यातून केबिनची हवाही ओढून नेते. पण त्यासाठी बाहेरची हवा आत यायला वाट हवी. चिंधी कोंबलेल्या बोटीत धूर उलटा येतो. धुराडं नसलेला गॅस हीटर आणू नका, कितीही स्वस्त असला तरी. पाण्याचं गणित आठवा, आणि कार्बन मोनॉक्साइडचंही. अलार्म झोपण्याच्या प्रत्येक केबिनमध्ये हवा, त्यावर ईएन ५०२९१-२ असं लिहिलेलं पाहा. शेवटचा २ म्हणजे बोटी आणि कॅरव्हॅनसाठी तपासलेला. राहण्याची जागा असलेल्या बोटींना आतल्या जलमार्गांवर २०१९ च्या एप्रिलपासून बोट सेफ्टी स्कीम या बोटींच्या तपासणी योजनेने अलार्म सक्तीचा केलाय. समुद्रावरच्या मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या खासगी बंदरात, कोणी विचारणार नाही, तरी लावा.

स्वयंपाकाचा गॅस: निळा सिलिंडर ब्यूटेनचा, तो शून्याच्या आसपास वाफच होत नाही. ऑक्टोबरमध्येच लाल, प्रोपेनच्या सिलिंडरवर जा. जोड वेगळा असतो, रेग्युलेटर तपासा.

पाच मिनिटं. वादळं. पुढचं गुंडाळीचं शीड हिवाळ्यात उतरवून ठेवा, ते वाऱ्याने उलगडलं की बोट पॉन्टूनवर आपटत राहते. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात आइल ऑफ वाइटच्या नीडल्सवर ताशी १२२ मैलांचा झोत नोंदला गेला, म्हणजे १९६ किलोमीटर. दोर दुहेरी, घासतील तिथे नळीचा तुकडा. डोलकाठीवर आपटणारे दोर बाजूला बांधा. शेजारी तुम्हाला त्याच आवाजाने ओळखतात. जागा निवडताना फक्त नेहमीचा पश्चिम वारा बघू नका. २०१८ च्या मार्चमध्ये एमा वादळाचा ईशान्य वारा उघड्या बाजूने आला आणि वेल्समधल्या होलीहेडची मरीना मोडली.

नळ गोठतो, म्हणून पाण्याची टाकी थंडीची लाट यायच्या आधी भरा आणि होस रिकामी करून आत ठेवा. पॉन्टूनवर शेवाळ आणि त्यावर दहिवर, रात्री लाइफजॅकेट घालूनच चाला. सात अंशांच्या पाण्यात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटात ताब्यात राहत नाही. पोहू नका, पाठीवर तरंगा, श्वास सावरला की शिडीकडे जा. ती कुठे आहे ते आजच उजेडात पाहून ठेवा. करारात कायम राहण्याची परवानगी आहे का, तेही लेखी घ्या, पुष्कळ मरीना ती देत नाहीत.

राहिला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. महिनोन्‌महिने किनाऱ्याच्या विजेला जोडलेली बोट अर्थच्या वायरीतून शेजारच्या बोटींनाही जोडलेली असते, आणि सगळ्यांचा गंज तुमचा जस्ताचा ॲनोड, म्हणजे बाकीचा धातू वाचवायला स्वतः झिजणारा तुकडा, फेडतो. अर्थच्या वायरीत ती डायोडची पेटी बसवा. तिची आकृती माझ्याकडे आहे, चहाच्या टेबलावर काढून दाखवतो.