झाडाचं वय आणि कारखान्याची घाई

मंडळी, इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात 'ट्रिंकोमाली' नावाची एक जुनी लढाऊ फ्रिगेट आजही पाण्यावर तरंगते आहे. जमशेटजी बोमनजी वाडियांनी ती मुंबईच्या गोदीत बांधली आणि १८१७ च्या ऑक्टोबरात ती पाण्यात उतरली. लाकूड मलबारच्या सागाचं, आणि त्यातलं बरंचसं अजून मूळचंच आहे.

साग का निवडला? नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत इंग्लंडचा ओक पुरेनासा झाला, हे एक कारण. दुसरं कारण सुताराला चटकन पटेल. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं. ओल लागली की ते लोखंडी खिळा खातं, मग खिळ्याभोवतीचं लाकूडही खराब होतं. सागात तेल असतं, त्यामुळे खिळा शाबूत राहतो. नीट वाळलेला साग आकसत नाही, वाकत नाही.

पण हा साग घाईने मिळत नाही. ताजा ओंडका इतका जड असतो की पाण्यावर नीट तरंगत नाही. म्हणून उभ्या झाडाच्या बुंध्याभोवती खोल खाच घ्यायची, झाड दोन-तीन वर्षं जागेवरच वाळू द्यायचं, मग तोडून नदीत सोडायचं. त्याआधी ते तोडण्याजोगं व्हायलाच साठ-ऐंशी वर्षं गेलेली असतात. माझं सगळं बोलणं या वयाभोवतीच फिरणार आहे.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली आणि लाकडाचा हिशेबच बदलला. दर तीन फुटांवर एक स्लीपर, म्हणजे रुळाखाली आडवा टाकायचा लाकडी ठोकळा, धरला, तर एका मैलाला १,७६० स्लीपर लागतात. साग, साल, देवदार ही लाकडं रुळाखाली टिकायची. बाकी बहुतेकांना वाळवी आणि बुरशी थोड्याच वर्षांत संपवायची, की पुन्हा नवी तोड. देशी लाकूड पुरेना, तेव्हा क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं तेल पाजलेलं युरोपातलं पाइन आणि ऑस्ट्रेलियातलं जारा हे लाकूड मागवावं लागलं. शिवाय कोळसा दूर असेल तिथे इंजिनं लाकूडच जाळत. या भुकेच्या काळातच १८६४ मध्ये ब्रँडिस हे इंग्रज सरकारच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख, वन महानिरीक्षक, झाले, १८६५ चा जंगल कायदा आला आणि १८७८ चा त्याहून कडक.

याच जंगलावर गावाचेही धंदे चालत होते, आणि ते मला कमी महत्त्वाचे वाटत नाहीत. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे, कारण ती धक्के सोसते आणि चिरत नाही. तिचीच साल चामडं कमावायला. खैराचा गाभा उकळून कात निघे. कातकरी हे नाव त्या कामावरूनच पडलं. ठाण्याकडचा शेतकरी फांद्या छाटून भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर त्या जाळायचा. कायद्याचे फटके या लोकांना बसले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये शेतकऱ्याची गाऱ्हाणी मांडली, त्यात जंगलखात्यामुळे गुरांना चरायला जागा उरली नाही हेही होतं.

मग परकी झाडं आली. महोगनी कलकत्त्याच्या बागेत १७९५ मध्येच आली होती, पण इथे गरज होती झटपट वाढणाऱ्या झाडांची. १८४३ च्या सुमारास निलगिरी डोंगरात युकॅलिप्टस लावला गेला, मुख्यतः जळणासाठी. त्या डोंगराचंच नाव आपण मराठीत झाडाला देऊन टाकलं! त्याच्या खोडात वाढतानाच ताण साठतो. कोवळं खोड कापलं की फळी पिळवटते, टोकांना फाटते. सुतार त्याच्यावर रुसले तर नवल नाही. तिथल्या वॉटल या दुसऱ्या परक्या झाडाची किंमत लाकडापेक्षा सालीत, चामड्याच्या कामासाठी. सर्वांत उपयोगी ठरलं ते सुरूचं झाड. मद्रास किनाऱ्याच्या नापीक वाळूत तो तग धरतो, कारण मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव त्याला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात. काही वर्षांतच तोडीला येतो आणि भरपूर उष्णता देतो. रेल्वेच्या जळणासाठी त्याची बनं लावली गेली.

साग लावण्याचाही प्रयत्न झाला. १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी निलंबूरला साग लावायला घेतला. रोपं तयार करण्याचं अवघड काम चातू मेनन यांनी जमवलं. डोळ्यांसमोर जहाजबांधणी होती. तो साग पिकेपर्यंत जहाजं लोखंडाची आणि पोलादाची झाली होती. त्यातली काही झाडं निलंबूरला नदीकाठी अजून उभी आहेत.