आधी वाचू दे वही

[दृश्य : दांडिया बाजार, रात्र. माडीवरची खोली. दाराला टेकवलेली गादी.]

रात्रीचा एक वाजून गेलाय. खालच्या रस्त्यावरचे हॉर्न आता कुठे थांबलेत, म्हणून रेकॉर्डिंगला आत्ता सुरुवात. खिडकीला गोधडी, दाराला गादी आणि पंखा बंद. मे महिन्यातलं बडोदं आहे हे लक्षात घ्या. पंखा लावला तर त्याची घरघर माइकमध्ये येते, बंद ठेवला तर गाणारा उकडून निघतो. प्रत्येक टेकनंतर तो नॅपकिननं मान पुसतो, पाण्याचा घोट घेतो आणि पुन्हा उभा राहतो.

गाणारा म्हणजे बडोद्याचा एक रॅपर, नाव पडद्यावर आहेच. दोघांची जोडी आणि एका मोठ्या म्युझिक कंपनीचा करार, दोन्हींतून बाहेर पडल्यावरचा हा त्याचा पहिला एकट्याचा अल्बम. गाणी नऊ. भाषा मराठी, पण बडोद्याची. मध्येच गुजराती डोकावणार, कुठे हिंदी, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही असं ठरलेलं.

[दृश्य : माइक, अगदी जवळून.]

हे नीट बघा. माइकसमोरची गोल जाळी विकतची नाही. आईची भरतकामाची रिंग आहे, तिच्यावर नायलॉनचा मोजा ताणून बसवलाय. भ, ध, फ म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो, तो माइकवर आदळतो आणि शब्दाच्या आधी नुसतं ‘धप्प’ ऐकू येतं. मराठीत असले वर्ण पावलोपावली. चाचणीसाठी तो मुद्दाम अल्बममधली सगळ्यांत अवघड ओळ घेतो : ‘भाड्याची भिंत, भर दुपारी भट्टी’. एका ओळीत चार भ. मोजा एकपदरी होता तेव्हा चारही वाजले. दुपदरी केला, माइक तोंडासमोरून काढून नाकाच्या रेषेत, थोडा तिरका लावला, तेव्हा ओळ स्वच्छ आली.

टेक चालू असतानाच दार वाजतं.

‘अरे, पोळ्या झाकून ठेवल्यात. जेवणार आहेस की नाही?’

‘आई, एवढी ओळ होऊ दे गं.’

‘मघापासून तीच ओळ चाललीय तुझी!’

हे सगळं माइकवर उतरलं. पाचव्या गाण्याच्या सुरुवातीला तसंच ठेवलंय.

[दृश्य : गणपतीची मिरवणूक, मोबाइलवरचं जुनं चित्रण. मग लॅपटॉपचा पडदा.]

बीट कुठून आला, ते इथे दिसतं. विसर्जनाच्या मिरवणुकीतला ताशा, मोबाइलवर घेतलेला, आवाज फाटलेला. आता अडचण अशी की मिरवणूक चालते, थबकते, पुढून ट्रॅक्टर निघाला की पळते. ताशाची लय तिच्याबरोबर सरकत राहते. या रॅपला मिनिटाला ९२ ठोके हवेत, तेही एकसारखे. म्हणून त्यानं काडीचा एकेक घाव कापून वेगळा केला आणि मोजून जागेवर बसवला. सगळं चोख बसलं, आणि ताशा मेला. मग काही घाव त्यानं पुन्हा किंचित मागे ओढले, काही पुढे. पडद्यावर ही जी वेडीवाकडी उभी रांग दिसतेय, ती चूक नाही. मिक्स करणाऱ्या मित्रानं ती दोनदा सरळ करून दिली होती आणि यानं दोन्ही वेळा पुन्हा वाकडी केली.

फाटलेला आवाजही तसाच ठेवलाय. कंपनीत असता तर तो पहिल्याच दिवशी कापला गेला असता.

[दृश्य : रिक्षा, मागचे स्पीकर.]

हेडफोनवर पास झालेलं गाणं शेजारच्या रिक्षात नापास होऊ शकतं. रिक्षावाले काका एक कडवं ऐकतात आणि सांगतात, ‘बेस वधारे छे, भाई.’ बेस कमी केला.

[दृश्य : सुरसागर. म्युझिक कॉलेजची इमारत.]

दांडिया बाजारातून चालत निघालं की सुरसागर आणि तलावासमोर हे म्युझिक कॉलेज. सयाजीराव महाराजांच्या आश्रयानं १८८६ साली गायक मौलाबक्षांनी इथे गायनशाळा सुरू केली. पुढे ती महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली. त्या काळात गवई, वादक, तंजावरहून आलेल्या नर्तकी हे सगळे संस्थानच्या ‘कलावंत कारखान्या’त, म्हणजे कलाकारांच्या खात्यात, चाकरीला असत. त्यांना पगार ठरलेला, हजेरी ठरलेली, रजेचे नियम लेखी आणि चुकलं तर दंड. आश्रय मोठा, यात शंका नाही. पण कधी गायचं आणि कुणासमोर गायचं, हे कारखाना ठरवणार.

अब्दुल करीम खाँसाहेब याच दरबारात गात. त्यांच्या शिष्या ताराबाई माने यांच्यासह त्यांनी बडोदं सोडलं. या दोघांची मुलगी गायिका हिराबाई. तिनं आडनाव लावलं, बडोदेकर.

एवढा जुना इतिहास रॅपरच्या फिल्ममध्ये कशाला, असं संकलनाच्या वेळी विचारलं गेलं. आम्हाला तो हवाच होता.

[दृश्य : रावपुरा, वकिलांची खोली. कराराची प्रत, कंपनीचं नाव झाकलेलं. पिवळा मार्कर.]

मुंबईत कंपनीच्या ऑफिसात कॅमेरा गेला नाही, त्यामुळे तिथे काय बोलणं झालं ते इथे नाही. कागद मात्र आहे आणि वकीलकाका तो वाचून दाखवताहेत. सही केल्यानंतर तीन वर्षांनी.

‘हे अ‍ॅडव्हान्स म्हणजे बक्षीस वाटलं होय रे तुला? उचल आहे ही. फिटेपर्यंत तुझ्या वाट्यातून कापणार. व्हिडिओचा खर्चसुद्धा यातच धरलाय, बघ.’

मार्कर पुढे सरकतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. गीतकारानं आणि संगीतकारानं हक्क कंपनीला लिहून दिले, तरी गाणं वाजेल त्याच्या रॉयल्टीत त्यांचा बरोबरीचा वाटा राहतो आणि तो सोडून देण्याचा करार करताच येत नाही. ऐकायला छान आहे. पण हे शब्दांपुरतं आणि चालीपुरतं. रेकॉर्ड झालेला आवाज, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात, त्याची मालकी निर्मात्याची, आणि ती गाणं प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षं चालते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. इथे लिहिली होती : कॉपीराइटची पूर्ण मुदत. आज पंचविशीत असलेल्या मुलाची जोडीतली गाणी तो ऐंशीचा होईपर्यंत कंपनीकडे. तीच गाणी पुन्हा गाऊन बाजारात आणायची नाहीत, असंही एक कलम आहे. त्यावर काकांनी दोनदा रेघ ओढली.

हिंदी हुक, म्हणजे फिरून फिरून येणारी ओळ, घाला, मराठी एका कडव्यापुरती ठेवा, हा आग्रह करारात नाही. तो तोंडी होता.

अल्बममधलं सहावं गाणं या खोलीतून निघालं :

‘आजोबांनी अंगठा दिला, बाबांनी केली सही,
मी म्हटलं, थांब जरा, आधी वाचू दे वही.’

[दृश्य : पहाट. सेव-उसळीची गाडी.]

या शॉटवरून आमच्यात वाद झाला. गाण्याशी याचा संबंध काय? काही नाही. पण रात्रभर गादीमागे उभा राहिलेला माणूस वाटीत तर्री ओतून घेताना इतका खूश दिसतो, की कात्री चालवेना.

[दृश्य : लॅपटॉप. गाणी अपलोड होताना.]

वितरणाचं काम त्यानं वार्षिक फी घेणाऱ्या एका ऑनलाइन सेवेला दिलं. मालकी त्याच्याकडेच. नऊ गाणी, डब्ल्यूएव्ही फाइल, प्रत्येकीला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक. गाणं कुठेही वाजलं तरी हिशेब या क्रमांकावर जमा होतो. गीतकार आणि संगीतकार म्हणून आयपीआरएसचा, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचा, सदस्यत्वाचा अर्जही यानं आताच भरला. कंपनीत असताना तो भरायला कुणी सांगितलं नव्हतं. आणि पानाच्या तळाशी वर्तुळातला हा जो ‘पी’ दिसतोय, तो रेकॉर्डिंगचा मालक कोण ते सांगतो. तिथे आता त्याचं स्वतःचं नाव आहे. कॅमेरा इथे जरा जास्त वेळ थांबलाय, हे मान्य.

[दृश्य : गच्ची. शेजारीपाजारी, प्लास्टिकच्या खुर्च्या, मोठा स्पीकर.]

अल्बम आला तो या गच्चीवर. पुढचं चित्रच बघा.

[निवेदन नाही. पाचव्या गाण्याची सुरुवात, आईचा आवाज, लोकांचे चेहरे.]

आकडे अजून लहान आहेत. वर्षभरात १००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याचे पैसे स्पॉटिफाय २०२४पासून देत नाही. नवातली चार गाणी त्या रेघेच्या खाली आहेत. वडिलांच्या पीएफमधून काढलेली रक्कम फेडायची आहे. जोडीतला दुसरा मुलगा कंपनीतच राहिला. तो कॅमेऱ्यासमोर आला नाही.

[दृश्य : गणेश मंडळाची बैठक. चहाचे कप.]

मंडळाला यंदा मांडवात त्याचा कार्यक्रम हवाय. खजिनदारकाका म्हणतात, ‘घरचाच मुलगा तू, आपल्यात पैसे कसले रे?’

तो हसतो, काकांना वाकून नमस्कार करतो आणि खिशातून दोन पानी कागद काढतो. मानधन, साउंडचा खर्च, आणि व्हिडिओ कुणी काढला तर त्याची मालकी कुणाची, सगळं लिहून आणलंय.

काकांनी चष्मा मागवलाय. बोलणी चालू आहेत.