लेबलवर नसलेली गिरणी

पुढच्या रांगेतल्या एका मुलीकडून मी हे जॅकेट मागून घेतलंय. आतल्या शिवणीला लेबल आहे, त्यावर 'मेड इन व्हिएतनाम' लिहिलंय. म्हणजे जॅकेट तिथं शिवलं, एवढंच. सूत कुणी काढलं, कापड कुठल्या गिरणीत विणलं, रंगवलं कुठं, यातलं काहीच लेबल सांगत नाही. एखादी कंपनी किती प्रामाणिक आहे हे पाहताना माझा पहिला प्रश्न हाच असतो, की ही मंडळी शिलाईच्या कारखान्यापाशी थांबलीत की त्याच्याही मागं गेलीत?

पॅटागोनियाचं बघा. इव्हॉन श्विनार्ड या गिर्यारोहकानं १९७३ मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियात ही कपड्यांची कंपनी काढली. १९९३ मध्ये तिनं प्लॅस्टिकच्या बाटल्यांपासून फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं उबदार कृत्रिम कापड, बनवायला घेतलं, १९९६ पासून सगळा कापूस सेंद्रिय केला. नाव मोठं झालं. आणि २०११ मध्ये तिच्याच तपासनिसांना तैवानमधल्या कापडगिरण्यांत वेठबिगारीच्या खुणा सापडल्या.

हे प्रकरण आपल्याला लगेच कळेल, कारण ऊसतोड मजुराची उचल आपण पाहिलेली आहे. मुकादमाकडून उचल घेतली की ती फिटेपर्यंत माणूस कोयता खाली ठेवू शकत नाही. तैवानमध्ये परदेशातून आलेले कामगार नोकरी मिळवण्यासाठी दलालाला पैसे मोजत होते, काही जण तर ७,००० डॉलरपर्यंत. तेही कर्ज काढून. मग दोन-दोन वर्षं पगारातून तेच फेडत बसायचं. अशा माणसाला गिरणी सोडून जाता येईल का? त्याला कुणी साखळदंड घातलेला नसतो, पण त्याच्या पायातली बेडी खरीच असते.

कंपनीनं हे २०१५ मध्ये स्वतःहून जाहीर केलं आणि गिरण्यांना बजावलं, की यापुढं नव्या कामगाराकडून दलाली घ्यायची नाही, ती मालकानं भरायची. मला हे फार मोलाचं वाटतं. 'आमच्याकडे सगळं आलबेल आहे' असं म्हणणाऱ्या कंपनीपेक्षा 'आमच्याकडे हे सापडलं, आम्ही हे केलं' असं तारखेसकट सांगणाऱ्या कंपनीवर मी जास्त विश्वास टाकते. मात्र त्याच वर्षी तिला लोकर पुरवणाऱ्या अर्जेंटिनातल्या मेंढपाळांच्या गटात मेंढ्यांचे हाल होत असल्याचं चित्रीकरण समोर आलं. ते आणलं बाहेरच्या संघटनेनं. कंपनीनं तिथली खरेदी बंद केली. म्हणून सांगते, कंपनीचा स्वतःचा अहवाल वाचाच, पण तिच्यावर नजर ठेवणारे काय म्हणतात तेही शोधा.

आकडे दिसले की आपण दबतो. नॉर्वेची नोरोना नावाची कंपनी आपल्या कपड्यांपुढं पर्यावरणाचे आकडे छापायची. तिथल्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्ये तिला ताकीद दिली, कारण ते आकडे त्या विशिष्ट कपड्याचे नव्हते, त्या जातीच्या कापडाची सरासरी होती. आपल्याकडंही ऑक्टोबर २०२४ पासून अशा हिरव्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं आली आहेत. 'इको-फ्रेंडली' छापलं असेल, तर पुरावा मागायचा तुम्हाला हक्क आहे.

'रीसायकल्ड' या शब्दावरही थांबू नका. पॅटागोनियानंच पैसे देऊन कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या विद्यापीठाकडून अभ्यास करून घेतला. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की कृत्रिम धाग्याचं एक जॅकेट एका धुण्यात सरासरी १.७ ग्रॅम प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतं. धागा बाटलीतून आला असला, तरी तोही झडतोच. म्हणून ट्रेकवरून आलं की फ्लीस उगाच मशीनमध्ये टाकू नका. वाऱ्यावर टाका, डाग तेवढा पुसा.

आणि ते टिकवा. याच कंपनीनं २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली होती, 'हे जॅकेट विकत घेऊ नका'. त्या एका जॅकेटला १३५ लिटर पाणी लागलं, हेही तिथंच छापलं होतं. नेवाडातल्या रेनो इथं तिचं मोठं दुरुस्ती केंद्र आहे. दुकानात गेलात की रंग बघण्याआधी विचारा, चेन बिघडली तर दुरुस्त करून द्याल का?

हिच्या या जॅकेटची चेनही वर ओढली की मागून उघडते. दात शाबूत आहेत, रनर, म्हणजे वर-खाली सरकणारा तुकडा, ढिला झालाय. पक्कड आहे का कुणाकडं? दोन्ही बाजूंनी अगदी हलकेच दाबायचा, एकदम जोर लावायचा नाही. या, जवळ येऊन बघा.