पोटावरचा हात

श्रोतेहो, नमस्कार. आज शिकायचंय पोटाने श्वास घ्यायला. उताणे पडा, गुडघ्यांखाली उशी घ्या. एक हात छातीवर ठेवा, दुसरा बेंबीच्या वर, बरगड्या संपतात तिथे. नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात तीन अंक होईपर्यंत. मग फुंकर घालताना करतो तसे ओठ करून पाच-सहा अंकांपर्यंत सोडा. श्वास घेताना खालचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ जागेवर. पुन्हा सांगतो, खालचा हलतो, वरचा नाही.

हा हात उचलतं ते श्वासपटल, फुफ्फुसांखालचा घुमटाकार स्नायू. तो आवळला की खाली सरकतो, पोटातल्या अवयवांना जागा हवी म्हणून पोट पुढे येतं. (आणि आपण? फोटो आला की पोट आत! दिवसभर पोट आवळून बसायचं आणि वर दम लागतो म्हणायचं.)

याच पडद्यावर भिस्त ठेवली अमेरिकेतल्या डॉ. हेन्री हाइमलिक यांनी. नेहमीसारखा श्वास सोडला तरी फुफ्फुसं रिकामी होत नाहीत, मोठ्या माणसाच्या छातीत दोन लिटरच्या आसपास हवा उरतेच. घास अडकून गुदमरणाऱ्या माणसाला तीच हवा वाचवू शकेल, असं त्यांनी 1974 साली मांडलं. मागून कवेत घ्यायचं, बेंबीच्या वर मूठ ठेवायची आणि आत-वर असा झटका द्यायचा. श्वासपटल वर ढकललं जातं, हवा उसळते, घास बाहेर पडतो. ही पद्धत त्यांच्याच नावाने जगभर गेली. पुढे 2016 साली, वयाच्या 96व्या वर्षी, ते सिनसिनाटीत ज्येष्ठांच्या निवासात राहत होते. जेवताना त्यांच्याच टेबलावर 87 वर्षांच्या बाईंना घास अडकला. कर्मचारी धावले, पण हाइमलिक स्वतःच उठून बाईंच्या मागे उभे राहिले, झटके दिले आणि घास निघाला. बाई वाचल्या! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉक्टर गेले.

त्यांची मूठ जिथे होती, तिथेच आता तुमचा खालचा हात आहे. फक्त आपल्याला झटका नको. बरेच जण इथेच चुकतात, पोटाचे स्नायू ताणून पोट मुद्दाम फुगवतात. हात वर जातो, श्वास मात्र तेवढाच. दुसरी चूक म्हणजे मोठमोठे श्वास भराभर घेणं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं तर थांबा, नेहमीसारखा श्वास घ्या. पुन्हा सांगतो, मोठा नाही, संथ श्वास.

एका वेळी पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, भरल्या पोटी नाही. झोपून जमलं की खुर्चीत बसून करा. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्या आजारात श्वासपटल आधीच सपाट झालेलं असू शकतं, मग या सरावाने उलट धाप वाढते. आणि दम्याचा झटका आला असेल तेव्हा हा सराव नको, आधी इनहेलर.