सात मीटरच्या फटीतून नाईल

(दृश्य : नदीचं पाणी, अगदी जवळून. मागे बोटीच्या इंजिनाचा आवाज.)

हा फेस बघा.

आपल्याकडे नदीवर असा फेस दिसला की वरच्या अंगाला कोणता कारखाना आहे, हे आधी विचारलं जातं. इथं कारखान्याचा संबंध नाही. पेरूएवढे, नारळाएवढे पांढरे गोळे नाईलच्या पाण्यावरून स्वतःभोवती गिरक्या घेत सावकाश खाली येतायत. ज्यानं ते घुसळून काढले, तो धबधबा अजून बराच पुढे आहे. दिसत नाही, ऐकूही येत नाही.

आपण आहोत युगांडात, देशाच्या वायव्य भागात. मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ सुमारे ३,८४० चौरस किलोमीटर. युगांडातलं हे सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. व्हिक्टोरिया सरोवरातून निघालेली नाईल क्योगा सरोवरातून वाट काढत इथं येते आणि पुढे अल्बर्ट सरोवराला मिळते. पारा नावाच्या ठिकाणच्या धक्क्यावरून दुपारी बोट सुटली. धबधब्यापर्यंत साधारण १७ किलोमीटर, तेही प्रवाहाच्या उलट. म्हणजे घाई करून उपयोग नाही.

(दृश्य : काठ. पाणघोडे, हत्ती, मगरी.)

पाणघोडे दिवसभर पाण्यात असतात. वर नुसते कान आणि नाकपुड्या. बोट जवळ सरकली की एक ‘फुस्स’, आणि कानही गायब.

हा काळा-पांढरा पक्षी ओळखीचा वाटतोय ना? कवड्या खंड्या. आपल्या नद्यांवर दिसतो तोच, जातसुद्धा तीच. हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली घालून अंदाज घेतो आणि सरळ पाण्यात सूर मारतो. समोर हत्तींचा कळप पाणी पीत असताना मी पहिली दहा मिनिटं याच्यामागे घालवली. कॅमेरामन अजून बोलून दाखवतो.

पुढे जावं तशा काठावर मगरी जास्त दिसू लागतात. गाइड सांगतो, वरून पडताना आपटून गुंगलेले मासे इथं आयते मिळतात. जबडा उघडा टाकून पडलेली मगर सहसा हल्ल्याच्या तयारीत नसते. अंगातली उष्णता तोंडावाटे बाहेर टाकत असते. तरी बोटीतल्या सगळ्यांनी हात आत घेतले. मीही.

(दृश्य : वळण. दूरवर धबधबा.)

हा धबधबा.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा जरा हिरमोड होतो. उंची साधारण ४३ मीटर. पावसाळ्यात सह्याद्रीत याहून उंच धार कितीतरी कड्यांवरून पडते. प्रवाहाचा जोर वाढल्यामुळे बोट एका खडकाच्या आडोशाला थांबते, फार पुढे जात नाही. तिथून दिसते दोन काळ्या कपारींमधली एक पांढरी रेघ. एवढ्यासाठी आलो का, असं वाटतं.

तर एवढ्यासाठी नाही. इथं उतरायचं आणि वर चढायचं.

(दृश्य : पायवाट. बूट. जमिनीवर चमचम.)

चढण पाऊण ते एक तासाची. वाटेतली माती चकाकते, कारण इथल्या खडकात अभ्रक आहे. घामेजल्या हाताला त्याचे कण चिकटतात, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर बसतात, बुटात शिरतात. आपल्या काळ्या बेसाल्टची सवय असलेल्याला ही जमीन जत्रेत सजवल्यासारखी वाटते. त्यात त्सेत्से माशी. ती जाड पँटच्या कापडातून चावते, आणि फटका मारून मेली असं वाटतं तेव्हा उठून पुन्हा येते. तिला पकडायला उद्यानात जागोजागी निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेत, कारण निळ्या रंगाकडे ती ओढली जाते. त्या दिवशी माझा शर्ट निळा होता.

आधी पायांना कळतं. खडक थरथरतो. मग आवाज येतो, आणि मग झाडी संपते.

(दृश्य : माथा. नदी फटीत शिरताना. निवेदन थांबतं, दहा सेकंद फक्त पाणी.)

फटीच्या वर नदी चांगली ऐसपैस आहे. खडकांवरून उड्या मारत, फुटत, जुळत ती येते. आफ्रिका खंड उभा चिरत गेलेल्या खचदरीचा हा काठ. इथं सगळी नदी एका फटीत शिरते. फटीची रुंदी सुमारे सात मीटर. दोन एसटी गाड्या शेजारी उभ्या केल्या तर मध्ये जेमतेम माणूस चालेल, एवढीच.

पाणी किती? व्हिक्टोरिया सरोवरातून किती सोडलं जातं, त्यावर ते कमीजास्त होतं. सहसा सांगितला जातो तो आकडा सेकंदाला ३०० घनमीटर, आणि तोही हात राखूनच दिलेला वाटतो. उन्हाळ्यात आपल्या गावांत येतो तो टँकर दहा हजार लिटरचा धरा. असे तीस टँकर या फटीतून जातात. दर सेकंदाला.

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते इथं बघायचं. पाणी इथं नुसतं पडत नाही, कोंडून फेकलं जातं. समोरच्या भिंतीवर आदळतं, उलटं वर उसळतं, मागून येणारं पाणी त्याला पुन्हा खाली दाबतं. तुषार इतके की दर पंधरा सेकंदांनी काच पुसावी लागत होती. आणखी एक कबुली. तुम्ही ऐकताय तो आवाज पुरता खरा नाही. रात्री ध्वनिमुद्रण ऐकलं तर स्टेशन न लागलेल्या रेडिओसारखी नुसती खरखर. खरा आवाज बरगड्यांत ऐकू येतो, आणि तिथं लावायचा माइक आमच्याकडे नव्हता.

(दृश्य : जुना नकाशा.)

इंग्रज शोधप्रवासी सॅम्युएल बेकर आणि त्याची जोडीदार फ्लोरेन्स बेकर १८६४ मध्ये अल्बर्ट सरोवराकडून होडीनं वर आले. दोघंही तापानं खंगलेले. धबधब्यापाशी होडीची वाट संपली. बेकरनं त्याला लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष, भूवैज्ञानिक रॉडरिक मर्चिसन यांचं नाव दिलं. मर्चिसनसाहेबांनी हा धबधबा कधी पाहिला नाही.

बेकर पुन्हा १८७२ मध्ये आला, या वेळी इजिप्तच्या खेदिवाच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या वतीनं मुलूख जोडायला. मसिंदीला इथल्या बुन्योरो राज्याचा राजा कबालेगा त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि बेकरला माघार घ्यावी लागली. पुढे कबालेगा इंग्रजांशीही वर्षानुवर्षं लढला. १८९९ मध्ये पकडला गेला, सेशेल्स बेटांवर हद्दपार झाला. १९२३ मध्ये परतीची परवानगी मिळाली, पण बुन्योरोला पोचण्याआधीच जिंजाजवळ वारला. जिंजा म्हणजे जिथं ही नाईल सरोवरातून बाहेर पडते ते गाव. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही १९४८ मध्ये तिथंच विसर्जित झाला.

युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याच्या राजवटीत धबधब्याला कबालेगाचं नाव मिळालं. अमीन १९७९ मध्ये गेला, पाटीवर मर्चिसन परत आला. नाव बदलणाऱ्या त्या राजवटीत आणि पुढच्या अंदाधुंदीत बंदूकवाल्यांनी इथले हत्ती असे मारले की हजारोंचे काहीशे उरले. आज दिसतात ते त्यातून सावरलेले.

(दृश्य : उत्तरेकडचा दुसरा धबधबा.)

आता कॅमेरा जरा डावीकडे. हा दुसरा धबधबा बेकरनं पाहिला नव्हता, कारण त्या काळी तो नव्हताच. १९६१ पासून पूर्व आफ्रिकेत अफाट पाऊस झाला, तीनेक वर्षांत व्हिक्टोरिया सरोवराची पातळी दोन मीटरहून जास्त चढली. फटीत मावेना तेव्हा नदीनं १९६२ मध्ये शेजारून दुसरी वाट फोडली. युगांडा स्वतंत्र झाला तेच वर्ष. लोकांनी नाव ठेवलं उहुरू. स्वाहिलीत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव कोणी बदललेलं नाही.

(दृश्य : खालचा डोह. गळ टाकून बसलेला माणूस.)

मला मात्र सगळ्यात जास्त गुंतवून ठेवलं ते एका माशानं. नाईल पर्च. खालच्या डोहात माणसाच्या वजनाचे असतात, त्यांच्यासाठी देशोदेशीचे गळवाले येतात. या माशाला हा धबधबा कधीच चढता आला नाही. त्यामुळे वरच्या व्हिक्टोरिया सरोवरात छोटे रंगीत सिक्लिड मासे निर्धास्त वाढले. शेकडो जाती, त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. मग १९५० च्या दशकात माणसांनी पर्च उचलून वर नेऊन सोडला. मासेमारी वाढावी म्हणून. ती वाढलीही, निर्यात सुरू झाली. आणि सिक्लिडच्या कितीतरी जाती पुन्हा दिसल्या नाहीत. हजारो वर्षं या फटीनं अडवून धरलेला मासा धबधब्याला वळसा घालून वर पोचला, माणसाच्या हातून.

इथं कोणी राहत का नाही, याचं उत्तर मात्र त्या त्सेत्से माशीपाशी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्या चाव्यातून पसरणाऱ्या निद्रारोगाची साथ आली, इंग्रज सरकारनं गावंच्या गावं उठवली. मोकळ्या झालेल्या मुलखात १९१० मध्ये शिकारबंदी क्षेत्र आलं, १९५२ मध्ये राष्ट्रीय उद्यान. आपण ज्याला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणून फोटो काढतो, ती बरीचशी रिकामी केलेली शिवारं आहेत.

आणि आता तेल. उद्यानाच्या हद्दीत, अल्बर्ट सरोवराच्या बाजूला टोटल एनर्जीज कंपनीच्या टिलेंगा प्रकल्पाच्या विहिरी आहेत. ते तेल टांझानियातल्या टांगा बंदरापर्यंत नेणारी नळवाहिनी १,४४३ किलोमीटरची. तिथं जाऊन चित्रण करणं आम्हाला जमलं नाही.

(दृश्य : पहाट. पाराचा काठ.)

दुसऱ्या दिवशी, पहाटेचे सव्वासहा. धबधबा १७ किलोमीटर मागे. बूट झटकले तर पायरीवर अभ्रकाची चमचम. रात्रभर चरून एक पाणघोडा नुकताच पाण्यात उतरलाय, नेहमीप्रमाणे कान तेवढे वर. वरून फेसाचा एक गोळा गिरक्या घेत आला आणि नेमका त्याच्या कानाला चिकटला.

पाणघोड्यानं कान फडकावला. गोळा फुटला. मागून दुसरा येत होता.