आधीचा फोटो नसलेले प्रवाळ

प्रवाळ म्हटलं की आपल्याला उथळ, उन्हात चमकणारं पाणी आठवतं. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या प्रवाळांपर्यंत सूर्यप्रकाश पोचतच नाही. वरून झिरपत येणारे मेलेल्या जिवांचे कण आणि पाण्यातले बारीक जीव यांवर ते जगतात. वाढ फार संथ. हवाईजवळच्या एका काळ्या प्रवाळाचं वय ४,००० वर्षांच्या वर निघालं आहे.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलमंचावर स्फोट झाला. ११ माणसं दगावली. सुमारे १,५०० मीटर खोलीवरच्या विहिरीतून ८७ दिवस तेल उसळत राहिलं. ते किनाऱ्याला लागू नये म्हणून सुमारे ७० लाख लिटर रसायन वापरलं गेलं, त्यातलं बरंचसं थेट विहिरीच्या तोंडाशी. या रसायनाने तेल नाहीसं होत नाही, त्याचे बारीक थेंब होतात. प्रयोगशाळेत तर खोल पाण्यातल्या प्रवाळांना नुसत्या तेलापेक्षा या रसायनाचीच बाधा जास्त झाली.

नोव्हेंबरात विहिरीपासून ११ किलोमीटरवर, १,३७० मीटर खोलीवर कॅमेरा पोचला. पंख्यासारख्या प्रवाळांवर तपकिरी, भुसभुशीत थर. त्याखाली मांस गळून कणा उघडा पडलेला. फांद्यांना विळखा घालून राहणाऱ्या सर्पताऱ्यांचा (तारामाशासारखे, लांब लवचीक हातांचे जीव) रंग उतरलेला, बसण्याची ढबही बिघडलेली.

अडचण अशी की ही वसाहत त्या दिवसापर्यंत कुणी पाहिलीच नव्हती. आधीचा फोटो नाही. मग नुकसान याच तेलाने झालं, हे सिद्ध कसं करायचं? त्या थरातल्या तेलाचे रासायनिक घटक विहिरीच्या तेलाशी ताडून पाहिले, ते जुळले. पुढे अनेक वर्षं त्याच प्रवाळांचे फोटो काढून फांदी न् फांदी तपासली. मेलेल्या भागावर दुसरेच जीव चढत गेले. पण ज्या फांद्यांवर सर्पतारा वावरत होता, त्या जास्त सावरल्या. मला या सगळ्या अभ्यासातलं हे निरीक्षण सर्वांत मोलाचं वाटतं. एवढं बारीक पाहायला वर्षानुवर्षांची चिकाटी लागते.

खोल समुद्र आपल्यापासून लांब आहे, असं भुसावळात बसून वाटणं साहजिक आहे. पण पीसीबी नावाची औद्योगिक रसायनं बहुतेक देशांनी १९७०-८०च्या दशकांत बंद केली, आणि २०१७ साली ती प्रशांत महासागरातल्या मारियाना गर्तेतल्या, म्हणजे समुद्राच्या सर्वांत खोल जागेतल्या, कोळंबीसारख्या जिवांच्या अंगात सापडली. तापी आपल्या केळी-कपाशीच्या पट्ट्यातून वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. फवारणीचा पंप नाल्यात धुतला, की ते पाणीही त्याच वाटेला लागतं.

म्हणून रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माझी मनापासून विनंती आहे. हतनूर धरणाच्या वर आणि खाली, पावसाळ्याआधी आणि नंतर, तापीतला गाळ गोळा करा, म्हणजे आपल्या नदीचा तरी ‘आधीचा फोटो’ हाताशी राहील. तारीख आणि जागा लिहून ठेवा. महाविद्यालयात तपासणीचं यंत्र नसेल, तर नमुने गोठवून जपा आणि विद्यापीठात विचारा. सुरुवात याच मे महिन्यात करता येईल.